टॅन घालवायला इथे पैसे, टॅन आणायला तिथे: सनबेडचं 'ऊन' त्वचेला किती महागात पडतं?

मे महिन्यात पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही ब्युटी पार्लरमध्ये जा, दरपत्रकावर 'डी-टॅन' हा शब्द दिसणारच. गाडीवरून फिरून काळवंडलेले हात, घड्याळाखाली उरलेला गोरा पट्टा, चपलेच्या पट्ट्यांची पावलांवर उमटलेली नक्षी. हे सगळं घालवायला लोक पैसे मोजतात. उन्हात निघताना मुली स्कार्फ असा गुंडाळतात की फक्त डोळे दिसावेत.

आता इंग्लंडमधल्या एखाद्या शहराच्या बाजारपेठेत जा. तिथे दुकानाच्या काचेवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, 'टॅनिंग'. आत छोट्या खोल्या आणि प्रत्येक खोलीत माणूस झोपेल एवढं यंत्र. पैसे भरायचे, कपडे उतरवायचे, यंत्रात आडवं व्हायचं, झाकण ओढून घ्यायचं आणि काही मिनिटं निळसर उजेडात पडून राहायचं. तिथे त्वचा सावळी करून घेण्यासाठी पैसे मोजले जातात.

यातलं एक वेड हास्यास्पद आणि दुसरं शहाणपणाचं असं काही नाही. आपली आहे त्यापेक्षा वेगळी त्वचा चांगली, हे दोन्हीकडच्या बाजाराने लोकांच्या गळी उतरवलं आहे. पण सनबेडचा मामला फक्त फॅशनपुरता नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने हे यंत्र तंबाखूच्या धुराच्या रांगेत नेऊन बसवलं आहे. काही देशांनी त्यावर सरसकट बंदी घातली आहे. आणि शिक्षण-नोकरीसाठी परदेशी गेलेल्या मराठी मुलामुलींना हे यंत्र जिमच्या मेंबरशिपसोबत 'फ्री' म्हणूनही भेटू शकतं.

म्हणून हे नेमकं काय आहे आणि त्यात एवढं घाबरण्यासारखं काय आहे, ते समजून घ्यायला हवं.

मेलबर्नच्या क्लेअरची गोष्ट

ऑस्ट्रेलियात सनबेडच्या दुकानांना 'सोलॅरियम' म्हणायचे. २००७ साली मेलबर्नची क्लेअर ऑलिव्हर नावाची तरुणी तिथल्या बातम्यांमध्ये झळकली. तिला मेलॅनोमा झाला होता. त्वचेच्या कर्करोगांपैकी हा सगळ्यात घातक प्रकार. तो शरीरभर पसरला होता आणि आपल्याकडे दिवस थोडे उरलेत हे तिला ठाऊक होतं.

क्लेअरने उरलेला वेळ एका गोष्टीसाठी वापरला. ती वर्तमानपत्रात लिहू लागली, टीव्हीवर बोलू लागली. काही वर्षांपूर्वी आपण सोलॅरियममध्ये गेलो होतो, त्याचा धोका तेव्हा कुणी नीट सांगितला नव्हता, इतर मुलींनी तरी ही चूक करू नये, एवढंच तिचं म्हणणं होतं. २६ वा वाढदिवस गाठायची तिची इच्छा होती. तो तिने गाठला. त्यानंतर काही आठवड्यांतच, १३ सप्टेंबर २००७ रोजी ती गेली.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. एका माणसाचा कर्करोग नेमका कशामुळे झाला, हे कुठलाही डॉक्टर शंभर टक्के खात्रीने सांगू शकत नाही. क्लेअर ऑस्ट्रेलियाच्या कडक उन्हातच वाढली होती. मेलॅनोमाचं प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्या देशांमध्ये ऑस्ट्रेलिया आहेच. पण तिच्या बोलण्याने एक प्रश्न सगळ्या देशासमोर आला. उन्हापासून सांभाळा म्हणून सरकार १९८० च्या दशकापासून जाहिराती करतंय आणि त्याच देशात भर बाजारात तेच किरण विकले जातायत, हे कसं?

व्हिक्टोरिया राज्याने २००८ मध्ये सोलॅरियमवर कडक नियम आणले. पुढे न्यू साउथ वेल्सने बंदीची घोषणा केली आणि एकेक करत इतर राज्यंही त्यात आली. २०१५ च्या सुरुवातीपर्यंत बहुतेक राज्यांत आणि २०१६ च्या सुरुवातीला वेस्टर्न ऑस्ट्रेलियात पैसे घेऊन सनबेड चालवणं बेकायदा झालं.

सनबेड म्हणजे नेमकं काय?

दिसायला ते एखाद्या मोठ्या उघड्या शिंपल्यासारखं असतं. खाली आणि वर नळीसारख्या दिव्यांच्या रांगा, मध्ये झोपायची जागा. उभं राहायचं कपाटासारखं यंत्रही मिळतं. हे दिवे दिसतात ट्यूबलाइटसारखे, पण त्यांचं काम उजेड देणं नाही. ते अतिनील किरण, म्हणजे अल्ट्राव्हायोलेट किंवा यूव्ही किरण सोडतात.

सूर्याकडून जमिनीपर्यंत येणारे यूव्ही किरण मुख्यतः दोन प्रकारचे असतात. यूव्हीए त्वचेत खोलवर जातात आणि त्वचा अकाली म्हातारी करतात. यूव्हीबी वरच्या थरात थांबतात आणि त्वचा भाजतात. सनबेडचे दिवे बहुतांश यूव्हीए आणि थोडे यूव्हीबी सोडतात. म्हणजे त्वचा लगेच लाल न होता काळवंडावी, अशी ही रचना आहे. पण यातली मेख यूव्हीएच्या प्रमाणात आहे. ताकदवान यंत्रांमधून मिळणारा यूव्हीएचा मारा भर दुपारच्या उन्हाच्या दहा ते पंधरा पट असू शकतो. एवढा यूव्हीए निसर्गात कुठेच मिळत नाही, वाळवंटातही नाही.

गंमत म्हणजे या दिव्यांचा इतिहास दवाखान्यातून सुरू होतो. डेन्मार्कचे डॉक्टर नील्स फिन्सेन यांनी त्वचेच्या क्षयरोगावर प्रकाशाचे उपचार केले आणि त्यासाठी त्यांना १९०३ चं नोबेल मिळालं. कृत्रिम किरण आरोग्याला चांगले, ही प्रतिमा तिथून तयार झाली. त्याच सुमारास युरोप-अमेरिकेत सावळ्या रंगाचा अर्थही बदलू लागला. आधी उन्हाने रापलेली त्वचा म्हणजे शेतात राबणारा मजूर. कामगार कारखान्याच्या छताखाली गेल्यावर रापलेली त्वचा म्हणजे समुद्रकिनारी सुट्टी परवडणारा श्रीमंत. १९७० च्या दशकात जर्मनीच्या फ्रीडरिश वोल्फ यांनी टॅनिंगची यंत्रं बाजारात आणली आणि दशक संपेपर्यंत ती अमेरिकेत पोहोचली. ज्यांना सुट्टी परवडत नव्हती, त्यांना आता सुट्टीचा रंग विकत मिळू लागला.

त्वचा काळवंडते तेव्हा आत काय होतं?

'छान टॅन आलाय' असं म्हटलं की वाटतं, त्वचेला काहीतरी चांगलं मिळालं. प्रत्यक्षात टॅन म्हणजे शरीराने वाजवलेली धोक्याची घंटा.

यूव्ही किरण त्वचेच्या पेशीत शिरतात आणि तिथल्या डीएनएवर आदळतात. डीएनए म्हणजे पेशीने कसं वागायचं, कधी वाढायचं, कधी थांबायचं याची सूचनावही. किरणांच्या माऱ्याने या वहीतली शेजारशेजारची अक्षरं एकमेकांना चिकटतात. पेशीकडे दुरुस्तीची यंत्रणा असते आणि ती बहुतेक चुका सुधारते. पण सगळ्या नाही.

डीएनएचं नुकसान होतंय हे कळलं की त्वचा मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य जास्त बनवायला लागते. हे मेलॅनिन पेशीच्या केंद्रकावर छत्रीसारखं पसरतं, पुढचे किरण अडवायला. हाच तो टॅन. म्हणजे आधी जखम, मग रंग. जखमेशिवाय किरणांचा टॅन येत नाही.

शिवाय दिवा बंद झाला म्हणजे काम संपलं, असंही नाही. २०१५ मध्ये येल विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की रंगद्रव्याच्या पेशींमध्ये किरण थांबल्यावरही काही तास डीएनएची मोडतोड चालू राहते.

सुधारायच्या राहिलेल्या चुका साठत जातात. त्यातली एखादी चूक 'आता वाढ थांबव' या सूचनेवरच झाली, तर ती पेशी बेलगाम वाढते. त्यालाच कर्करोग म्हणतात. याला वर्षं लागतात. विशीत घेतलेल्या टॅनचं बिल चाळिशीत येऊ शकतं, ते यामुळेच.

कर्करोगाशी संबंध किती पक्का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००९ मध्ये सनबेडला 'गट १' मध्ये टाकलं. या गटात तंबाखूचा धूर, अॅस्बेस्टॉस अशा गोष्टी आहेत. पण याचा अर्थ नीट घ्यायला हवा. सनबेडची एक फेरी आणि सिगारेटचं एक पाकीट सारखंच घातक, असा तो अर्थ नाही. या वस्तूमुळे माणसाला कर्करोग होतो याबद्दल शास्त्रज्ञांना शंका उरलेली नाही, एवढंच गट १ सांगतो.

मग धोका किती वाढतो? २०१२ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेले आकडे आले. आयुष्यात कधीही सनबेड वापरलेल्यांमध्ये मेलॅनोमाचा धोका न वापरलेल्यांपेक्षा सुमारे २० टक्के जास्त होता. पहिला वापर वयाच्या ३५ वर्षांआधी झाला असेल, तर तो ५९ टक्के जास्त. त्याच अभ्यासानुसार पश्चिम युरोपच्या १८ देशांत वर्षाला साधारण ३,४०० मेलॅनोमा सनबेडमुळे होत असावेत आणि त्यातून जवळपास ८०० मृत्यू.

त्वचेचे इतर कर्करोग कमी जीवघेणे असतात, पण त्यांचाही धोका वाढतो. स्क्वेमस सेल कार्सिनोमाचा ६७ टक्क्यांनी, बेसल सेल कार्सिनोमाचा २९ टक्क्यांनी.

असे टक्के व्हॉट्सअॅपवर फिरतात तेव्हा गोंधळ होतो. ५९ टक्के जास्त धोका म्हणजे शंभरातल्या ५९ जणांना कर्करोग होतो, असं नाही. समजा, एखाद्या समाजात हजारांपैकी दहा जणांना हा आजार होत असेल, तर तरुणपणी सनबेड वापरणाऱ्या हजारांमध्ये तो साधारण सोळा जणांना होईल. वरचे सहा जण टाळता आले असते. त्यांच्या हातात बदल्यात काय पडलं? काही आठवडे टिकणारा रंग.

ऊन नसलेल्या देशात त्वचेचा कर्करोग कसा वाढला?

कुणी म्हणेल, हे लोक समुद्रावर उन्हातही पडतात, मग दोष सनबेडचाच कशावरून? यासाठी आइसलँडकडे बघा.

आइसलँड उत्तर ध्रुववृत्ताला लागून आहे. हिवाळ्यात राजधानी रेक्याविकमध्ये दिवस जेमतेम चार-पाच तासांचा. उन्हाळ्यातही ऊन मवाळ. १९७९ मध्ये तिथे टॅनिंगची तीन दुकानं होती. १९८८ पर्यंत ५६ झाली आणि त्यांत २०७ सनबेड होते, तेही आपल्या तालुक्याएवढ्या लोकसंख्येच्या शहरात.

त्यानंतर १९९० च्या दशकात आइसलँडच्या स्त्रियांमध्ये मेलॅनोमाचं प्रमाण झपाट्याने वर गेलं. विशेष म्हणजे तरुण स्त्रियांमध्ये ते धडावर, म्हणजे थंडीत कायम कपड्यांखाली झाकलेल्या भागावर जास्त वाढलं. सुट्टीत दक्षिण युरोपात जाऊन घेतलेल्या उन्हाचाही त्यात वाटा असणार, पण संशोधकांनी मोठा संशय सनबेडवर ठेवला. मग सरकारी यंत्रणेने सनबेडविरोधात मोहीम चालवली, वापर घटला आणि पुढच्या काळात स्त्रियांमधलं मेलॅनोमाचं प्रमाणही खाली आलं.

कर्करोग सोडला तरी...

सगळ्यांनाच कर्करोग होत नाही. पण बाकीचे त्रास बऱ्याच जणांच्या वाट्याला येतात.

पहिला, भाजणं. झोप लागली, टायमर चुकला, आदल्या दिवशीच एकदा जाऊन आलेले असलात, तर अंगावर फोड येतात.

दुसरा, डोळे. पापणीची त्वचा पातळ असते, नुसते डोळे मिटून किरण अडत नाहीत. गॉगल न घातल्यास डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते, आणि वर्षानुवर्षं मारा झाला तर मोतीबिंदूचा धोका वाढतो. चष्म्याचे पांढरे गोल चेहऱ्यावर उठू नयेत म्हणून अनेक जण मुद्दाम गॉगल काढून ठेवतात.

तिसरा, सुरकुत्या आणि डाग. यूव्हीए त्वचेला ताण देणारे तंतू मोडतात. सुंदर दिसण्यासाठी केलेल्या खर्चातून दहा वर्षांनी आधीच उतरलेली, डागाळलेली त्वचा मिळते.

चौथा, औषधं. मुरुमांसाठी दिली जाणारी डॉक्सिसायक्लिन, आयसोट्रेटिनॉइन, रक्तदाबासाठीची काही औषधं यांनी त्वचा किरणांना जास्त संवेदनशील होते. अशी गोळी चालू असताना 'नेहमीच्याच' मिनिटांत त्वचा भाजू शकते.

एवढं कळूनही लोक जातात का?

कारण बरं वाटतं. उबदार यंत्रात दहा मिनिटं शांत पडून राहायला कुणाला आवडणार नाही? पण मामला तेवढाच नाही. किरणांना तोंड देताना त्वचा एंडॉर्फिन नावाचं रसायनही तयार करते. हे शरीराचं स्वतःचं, अफूच्या जातीचं वेदनाशामक. अमेरिकेत नियमित सनबेड वापरणाऱ्या काही जणांना अफूसदृश रसायनांचा परिणाम रोखणारं औषध दिलं गेलं, तर त्यातल्या काहींना व्यसन सुटताना होते तशी मळमळ आणि अस्वस्थता झाली. सगळेच याच्या आहारी जातात असं नाही, पण 'मनात आणलं तर कधीही बंद करेन' हे वाक्य इथेही ऐकू येतं.

त्यात सोशल मीडियाची भर. आज कुठल्या वेळी यूव्ही इंडेक्स सर्वात जास्त आहे ते मोबाइलवर बघून मुद्दाम त्याच वेळी उन्हात पडायचं, अंगावर उठलेल्या पट्ट्यांचे फोटो टाकायचे, असे ट्रेंड गेल्या काही वर्षांत चालले. यूव्ही इंडेक्स हा आकडा लोकांनी उन्हापासून वाचावं म्हणून बनवला होता. त्याचा उपयोग बरोबर उलटा होतोय.

दुकानदार काय सांगतात आणि खरं काय आहे?

दावा: सनबेडमुळे ड जीवनसत्त्व मिळतं.
खरं: त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होतं ते यूव्हीबीमुळे आणि सनबेड देतो मुख्यतः यूव्हीए. कमतरता असेल तर रक्त तपासून डॉक्टर गोळी देतात. ती स्वस्त आहे आणि तिने कर्करोग होत नाही.

दावा: सुट्टीला जाण्याआधी थोडा टॅन घेतला की ऊन बाधत नाही.
खरं: असा टॅन जेमतेम तीन-चार एसपीएफच्या क्रीमएवढं संरक्षण देतो. म्हणजे जवळपास काहीच नाही. उलट सुट्टीतलं नुकसान व्हायच्या आधीच एक नुकसान करून घेतलेलं असतं.

दावा: आमचे किरण मोजून-मापून दिलेले असतात, म्हणून उन्हापेक्षा सुरक्षित.
खरं: युरोपीय आयोगाच्या वैज्ञानिक समितीने २०१६ मध्ये सांगितलं की सनबेडच्या किरणांना सुरक्षित म्हणावी अशी कोणतीही मर्यादा नाही. अमेरिकेत तर टॅनिंग उद्योगाच्या संघटनेने 'टॅनिंगने कर्करोगाचा धोका वाढत नाही' अशा जाहिराती केल्या, तेव्हा तिथल्या व्यापार आयोगाने कारवाई केली आणि २०१० मध्ये संघटनेला असे दावे न करण्याचं मान्य करावं लागलं.

दावा: त्वचा लाल झाली नाही, म्हणजे काही झालं नाही.
खरं: रंग बदलला, तेव्हाच डीएनएवर घाव बसलेला असतो.

कुठल्या देशात काय नियम?

ब्राझीलने २००९ मध्ये सौंदर्यासाठी सनबेड वापरण्यावर देशभर बंदी घातली. ज्या देशात समुद्रकिनारा आणि टॅन ही जवळपास ओळखच आहे, त्याने हे आधी करावं, हे लक्षात घेण्यासारखं आहे. ऑस्ट्रेलियाची गोष्ट वर आलीच. तिथे बंदीनंतर जुनी यंत्रं घराघरांत विकली गेली आणि चोरून धंदा करणाऱ्यांना शोधण्याचं नवं काम यंत्रणेच्या मागे लागलं.

ब्रिटनमध्ये बंदी नाही, पण १८ वर्षांखालच्यांना मनाई आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये हा कायदा २०११ पासून लागू झाला. जर्मनी, फ्रान्ससह युरोपातल्या अनेक देशांत अल्पवयीनांना मनाई आहे. अमेरिकेत राज्यानुसार नियम बदलतात. कॅलिफोर्नियाने २०१२ पासून १८ खालच्यांना पूर्ण बंदी केली. २०१४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने यंत्रांवर ठळक इशारा छापणं बंधनकारक केलं. शिवाय २०१० मध्ये तिथे टॅनिंगच्या बिलावर दहा टक्के कर बसला.

बहुतेक कायद्यांचा रोख लहान वयावर आहे, याचं कारण वरच्या आकड्यांत आहे. जितक्या कमी वयात सुरुवात, तितका धोका मोठा.

सावळ्या त्वचेला याचा काय फरक पडतो?

भारतीय त्वचेत मेलॅनिन मुळातच जास्त असतं, त्यामुळे गोऱ्या युरोपीय लोकांच्या तुलनेत आपल्याकडे मेलॅनोमा खूप कमी दिसतो. हे खरं आहे. पण मेलॅनिन म्हणजे छत्री आहे, भिंत नव्हे. डीएनएचं नुकसान कमी होतं, थांबत नाही. शिवाय सावळ्या त्वचेवर किरणांमुळे काळे डाग आणि वांग लवकर उठतात आणि जाता जात नाहीत. अमेरिकेतल्या जिममध्ये मित्रांसोबत 'एकदा ट्राय करू' म्हणणाऱ्या मराठी मुलाला त्यातून मिळण्यासारखं काहीच नाही.

आणखी एक गोष्ट माहीत असलेली बरी. सावळ्या त्वचेच्या लोकांत मेलॅनोमा होतो तेव्हा तो अनेकदा तळवे, तळपाय किंवा नखाखाली होतो. गायक बॉब मार्ली यांना पायाच्या अंगठ्यात तो झाला आणि १९८१ मध्ये वयाच्या ३६ व्या वर्षी ते गेले. हा प्रकार उन्हामुळे होतो असं दिसत नाही. पण 'आपल्याला थोडाच होतो' या समजामुळे तो उशिरा सापडतो, आणि नुकसान होतं ते त्यामुळे.

मग त्वचारोगतज्ज्ञ यूव्ही किरण का देतात?

हे वाचून कुणाच्या पोटात गोळा येऊ शकतो. कारण कोड, सोरायसिस अशा आजारांवर आपल्याकडेही यूव्हीचे उपचार होतात, त्याला फोटोथेरपी म्हणतात.

घाबरू नका आणि उपचार मनाने बंद करू नका. फोटोथेरपीत बहुतेकदा यूव्हीबीचा एक अरुंद पट्टाच वापरतात. मात्रा त्वचेनुसार ठरते, प्रत्येक वेळी नोंद होते, डोळे झाकले जातात आणि डॉक्टरांचं लक्ष असतं. मुख्य म्हणजे इथे समोर आजार आहे. औषध म्हणून मोजून घेतलेले किरण आणि रंगासाठी दुकानात घेतलेले किरण यांत तेवढाच फरक आहे, जेवढा भूल देण्यात आणि नशा करण्यात. उपचारांबद्दल शंका असेल तर ती डॉक्टरांनाच विचारा.

जेल नेलपॉलिश सुकवण्याच्या छोट्या दिव्यातूनही यूव्हीए निघतात. काही मिनिटं, फक्त हातांवर, त्यामुळे धोका सनबेडच्या मानाने फारच कमी. तरी वरचेवर करत असाल, तर आधी हातांना सनस्क्रीन लावा किंवा बोटांची टोकं उघडी राहतील असे हातमोजे घाला.

रंगच हवा असेल तर?

त्यासाठी किरणांची गरज नाही. सेल्फ-टॅनर नावाची क्रीम आणि स्प्रे मिळतात. त्यांतलं डीएचए हे रसायन त्वचेच्या वरच्या मृत थराला रंग देतं, काही दिवसांत तो उतरतो. शरीरसौष्ठव स्पर्धेच्या मंचावर पिळदार शरीरं चकाकताना दिसतात, तो रंगही असाच वरून लावलेला असतो. स्प्रे वापरताना डोळे, ओठ, नाक झाकून घ्या आणि तो श्वासात जाऊ देऊ नका. या रंगाने उन्हापासून संरक्षण मिळत नाही, सनस्क्रीन वेगळं लावावंच लागतं.

मात्र इंस्टाग्रामवर विकले जाणारे 'मेलॅनोटॅन'चे नाकातले स्प्रे आणि इंजेक्शनं यांच्यापासून चार हात लांब राहा. ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामकाने त्यांच्याविरुद्ध इशारे दिले आहेत. बाटलीत नेमकं काय आणि किती, याची हमी नाही आणि वापरणाऱ्यांच्या अंगावरचे तीळ बदलल्याच्या नोंदी आहेत.

आधी सनबेड वापरला असेल तर काय करायचं?

सगळ्यात आधी, थांबा. झालेलं नुकसान पुसता येत नाही, पण प्रत्येक नवी फेरी त्यात भर घालते. आजपासून भर थांबली, हेही कमी नाही.

मग महिन्यातून एकदा चांगल्या उजेडात आरशासमोर अंग तपासा. पाठ, मानेमागचा भाग, तळपाय, बोटांच्या बेचक्या आणि नखंसुद्धा. पाठ बघायला घरातल्या कुणाची मदत घ्या. तिळांकडे बघताना पाच गोष्टी लक्षात ठेवा:

- तिळाचे दोन अर्धे एकमेकांसारखे नाहीत.
- कडा वेड्यावाकड्या किंवा पुसट आहेत.
- एकाच तिळात दोन-तीन रंग आहेत.
- आकार सहा मिलिमीटरहून, म्हणजे साधारण पेन्सिलच्या जाडीहून मोठा आहे.
- तीळ बदलतोय, वाढतोय, खाजतोय किंवा त्यातून रक्त येतंय.

बाकी सगळ्या तिळांपेक्षा एखादाच वेगळा दिसत असेल, नखाखाली काळी पट्टी रुंदावत असेल किंवा एखादी जखम महिना झाला तरी भरत नसेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि सनबेड वापरल्याचं लपवू नका. बहुतेक तीळ निरुपद्रवी निघतात. पण मेलॅनोमा पातळ असताना सापडला, तर छोट्या शस्त्रक्रियेने तो बहुतेकदा पूर्ण बरा होतो. पसरल्यावर मात्र लढाई अवघड होते.

परदेशात शिकणारी बहीण, भाचा, मैत्रीण असेल आणि तिकडच्या जिमच्या मेंबरशिपमध्ये टॅनिंग 'फ्री' असल्याचं कौतुकाने सांगत असेल, तर एवढं जरूर सांगा. फुकट मिळतोय तो रंग. त्याची किंमत त्वचा नंतर वसूल करते.